दहा दिवसांचे ग्रीस : अक्रोपोलिस आधी की शेवटी?

रानजाई (धागाकर्ती) :
२०२७ च्या एप्रिलअखेरीस मी, माझे यजमान आणि सासूबाई असे तिघे दहा दिवसांसाठी ग्रीसला जाण्याचे ठरवत आहोत. सासूबाई ७१ वर्षांच्या असून शाळेत संस्कृत आणि इतिहास शिकवून निवृत्त झाल्या आहेत. त्या पूर्ण शाकाहारी आहेत आणि त्यांच्या उत्साहाला गुडघ्यांची साथ नाही. तीन सहल कंपन्यांची पत्रके मागवली, तर तिन्हींत मजकूर जवळजवळ सारखाच निघाला : अथेन्समध्ये दोन दिवस, मग सँटोरिनी, मग मिकोनोस, आणि पांढऱ्या घरांवर निळे घुमट.

सासूबाईंनी पत्रके चष्मा लावून शेवटपर्यंत वाचली आणि म्हणाल्या, "अलेक्झांडर वारल्यावर या देशाचे पुढे काय झाले, ते यात कुठेच नाही. अर्थात आम्हीही वर्गात तो देश तिथेच सोडून पुढच्या धड्याकडे वळायचो."

त्या प्रश्नाने मलाच अडचणीत टाकले आहे, कारण माझ्याकडेही उत्तर नाही. म्हणून जाणकारांना दोन गोष्टी विचारते. पहिली, अवशेष पाहण्यापलीकडे हा देश समजून घ्यायचा असेल तर दहा दिवस कसे वाटावेत? दुसरी, अक्रोपोलिस, म्हणजे अथेन्समधली प्राचीन मंदिरांची टेकडी, पहिल्याच दिवशी पाहावे की अखेरीस?

पैलतीर :
मी नोकरीनिमित्त चार वर्षे अथेन्समध्ये राहिलो. तुमच्या सासूबाईंचा प्रश्न मला तिथे राहायला लागल्यावर दुसऱ्या वर्षी पडला होता, त्यांना तो निघण्यापूर्वीच पडला आहे.

थोडक्यात सांगायचे तर इ.स.पू. १४६ मध्ये रोमनांनी कॉरिंथ उद्ध्वस्त केले आणि ग्रीस रोमच्या सत्तेखाली गेला. पुढे इ.स. ३३० मध्ये साम्राज्याची राजधानी कॉन्स्टँटिनोपलला, म्हणजे आजच्या इस्तंबूलला आली, आणि हळूहळू त्या पूर्वेकडच्या साम्राज्याची भाषा ग्रीक व धर्म ख्रिस्ती झाला. ज्याला आपण बायझंटाईन म्हणतो त्या साम्राज्यातले लोक स्वतःला 'रोमिऑस', म्हणजे रोमन म्हणवीत आणि बोलत ग्रीक. १४५३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल उस्मानी तुर्कांकडे गेले. १८२१ मध्ये स्वातंत्र्ययुद्ध सुरू झाले आणि १८३० मध्ये युरोपीय सत्तांनी नव्या राज्याला मान्यता दिली, पण तेही आजच्या ग्रीसचा लहानसा तुकडाच होते. कॉर्फू व शेजारची बेटे १८६४ मध्ये, थेसली १८८१ मध्ये, थेसालोनिकी १९१२ मध्ये आणि ऱ्होड्सकडची बेटे तर दुसऱ्या महायुद्धानंतर १९४७ च्या तहाने मिळाली. म्हणजे देश म्हणून ग्रीस पुष्कळ तरुण आहे, म्हातारे आहे ते नाव.

याचे एका जागी उभे राहून दर्शन घ्यायचे असेल, तर पहिल्या संध्याकाळी अथेन्सच्या मोनास्तिराकी चौकात जावे. समोर १७५९ मध्ये बांधलेली मशीद आहे, तिच्यात आता संग्रहालय आहे. तिच्या मागे रोमन सम्राट हेड्रियनच्या ग्रंथालयाची भिंत आहे. चौकाच्या मध्यभागी जमिनीत थोडेसे खचलेले बायझंटाईन चर्च आहे, पायाखाली मेट्रोचे स्थानक आणि त्या स्थानकात कठड्यावरून वाकून पाहिले तर प्राचीन एरिडानोस नदीचे पाणी अजून वाहताना दिसते. मग मान वर केली की अक्रोपोलिस. माझे मत विचाराल तर ते पहिल्या दिवशी असेच खालून पाहावे आणि वर शेवटच्या दिवशी चढावे.

काटकोन :
पैलतीर यांच्या ज्ञानाबद्दल आदर आहे, पण सल्ल्याशी असहमत. प्रसिद्ध गोष्ट सोडून आडवाटेची पाहण्यात अलीकडे एक प्रकारची प्रतिष्ठा वाटू लागली आहे. अक्रोपोलिसवरचे पार्थेनॉन मंदिर प्रसिद्ध आहे, कारण ते खरोखरच तसे आहे. इ.स.पू. ४४७ मध्ये काम सुरू झाले, ४३८ मध्ये मंदिर अर्पण झाले आणि ४३२ पर्यंत शिल्पे पूर्ण झाली. त्याचा चौथरा मध्यभागी किंचित फुगीर आहे, खांब किंचित आत कललेले आहेत, आणि म्हणूनच ते डोळ्यांना जड वाटत नाही. एवढी मोठी इमारत पंधरा वर्षांत कशी उभी राहिली याचा विचार करीत मी दोन तास तिथल्या एका दगडावर बसलो होतो.

डेल्फीच्या संग्रहालयात काशाचा सारथी आहे, साधारण इ.स.पू. ४७० च्या दशकातला. त्याच्याजवळ जाऊन केवळ डोळे पाहावेत : डोळ्यांत रंगीत खडे बसवलेले आहेत आणि पापण्यांचे केस धातूच्या बारीक पत्र्याचे, एकेक वेगळा दिसेल असे कातरलेले आहेत. मूर्ती रथावर उभी असताना ते केस खालून कोणालाही दिसणार नव्हते, तरी कारागिराने ते कातरले. दहा दिवसांत हे पाहायचे की मशिदीची बाहेरची भिंत पाहायची, हे ज्याने त्याने ठरवावे.

पैलतीर :
काटकोन, सारथ्याबद्दल तुमच्याशी पूर्ण सहमत. मात्र तो ज्या जागी सापडला त्या जागेवर १८९० च्या दशकापर्यंत कास्त्री नावाचे नांदते गाव होते. फ्रेंच उत्खननासाठी ते अख्खे गाव उठवून बाजूला वसवले, तेच आजचे डेल्फी गाव. अक्रोपोलिसवरही पार्थेनॉन जितकी शतके अथीना देवीचे मंदिर होते, साधारण तितकीच ते चर्च होते, आणि त्यानंतर मशीद होते. १६८७ मध्ये व्हेनिसच्या सैन्याने डागलेला गोळा तुर्कांनी आत साठवलेल्या दारूगोळ्यावर पडला आणि मंदिराचा मधला भाग उडाला. एकोणिसाव्या शतकात नव्या राज्याने टेकडीवरची घरे, मशीद आणि मध्ययुगीन बुरूज काढून टाकले. आज आपण पाहतो ते अक्रोपोलिस अथेन्सचा प्राचीन नेता पेरिक्लीस याच्या काळातले आहे हे खरे, पण तेवढेच शिल्लक राहावे हा निर्णय एकोणिसाव्या शतकातला आहे. हे ठाऊक असताना वर जाण्यात अधिक गंमत आहे, इतकेच माझे म्हणणे.

टिंबटिंब :
धागाकर्तीला अत्यंत महत्त्वाची सूचना. ग्रीक भाषेत 'नै' म्हणजे होय आणि 'ओही' म्हणजे नाही. माझ्या वडिलांना उपाहारगृहात आणखी भात हवा का असे विचारले. त्यांनी "नै, नै" म्हणून जोरात मान हलवली आणि प्रत्येक वेळी ताटात आणखी एक डाव पडला.

पैलतीर :
त्यात भर अशी की तिथे नकारासाठी पुष्कळदा तोंडाने काही बोलतच नाहीत. भुवया उंचावतात, मान किंचित मागे टाकतात आणि जिभेने 'त्च' असा आवाज करतात. आपल्याला वाटते की समोरचा माणूस आकाशाकडे पाहून आठवतो आहे, म्हणून आपण थांबून राहतो. तिकीटखिडकीपाशी मी असा बराच वेळ थांबलेलो आहे.

मधुमालती :
शाकाहाराबद्दल लिहिते, कारण मी स्वतः तीन वेळा जाऊन आले आहे आणि एकदाही उपाशी राहिले नाही. याचे श्रेय तिथल्या चर्चच्या उपवासांना द्यावे लागेल. ऑर्थोडॉक्स पंचांगात वर्षातले पुष्कळ दिवस उपवासाचे असतात, आणि त्या दिवशी मांस, मासे, अंडी, दूध हे सर्व वर्ज्य असते. त्यामुळे घरोघरी आणि साध्या खाणावळींत 'नीस्तीसिमा', म्हणजे उपवासाचे पदार्थ करण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे. 'लादेरा' हा शब्द लक्षात ठेवावा. ऑलिव्ह तेलात टोमॅटोबरोबर मंद शिजवलेल्या फरसबी, भेंडी, वाटाणा अशा भाज्यांना ते नाव आहे. 'येमिस्ता' म्हणजे भात भरलेले टोमॅटो व ढोबळी मिरची, 'गिगांदेस' म्हणजे मोठे पांढरे पावटे आणि 'फावा' म्हणजे पिवळ्या डाळीचे घट्ट वरण, वर कच्चा कांदा आणि तेल. 'मेलित्झानोसालाता' तर भाजलेल्या वांग्याचे भरीतच, फक्त फोडणीशिवाय.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. रक्त नसलेले समुद्री जीव उपवासाला चालतात अशी तिथली समजूत आहे. म्हणून 'नीस्तीसिमो' असे सांगितले की हमखास शाकाहारी पदार्थ येईल असे नाही, माकूळ, कोळंबी किंवा ऑक्टोपसही येऊ शकतो. माझ्या पुढ्यात पहिल्यांदा तो आला तेव्हा आठ पाय मोजूनच खात्री पटली. येमिस्तातही कधी खिमा असतो, तेव्हा विचारून घ्यावे.

आणि एक प्रश्न : २०२७ चा एप्रिलअखेर म्हणजे नेमक्या कोणत्या तारखा? त्या वर्षी ऑर्थोडॉक्स ईस्टर २ मे रोजी आहे.

रानजाई :
अरे देवा. आमचे २४ एप्रिल ते ४ मे असे ठरले आहे. ईस्टर तर मार्चअखेरीस होऊन जाईल, या भरवशावर आम्ही रजा टाकली.

मधुमालती :
मार्चअखेरीस, २८ तारखेला आहे तो पाश्चात्त्य चर्चचा. ग्रीसने व्यवहारात १९२३ पासून ग्रेगोरियन दिनदर्शिका स्वीकारली, पण ईस्टरची तारीख तिथले चर्च अजून जुन्या ज्युलियन गणनेने काढते, म्हणून दोन ईस्टरांत कधी काहीच अंतर नसते आणि कधी पाच आठवडे पडतात. तुम्ही नेमक्या त्यांच्या पवित्र सप्ताहात जाता आहात. हे संकट समजायचे की भाग्य, हे तुम्ही योजना कशी आखता यावर आहे. गुड फ्रायडेला प्राचीन स्थळे दुपारपर्यंत बंद असतात आणि ईस्टरच्या रविवारी पूर्ण बंद. बस आणि बोटींना गर्दी उसळते, कारण सारे अथेन्स आपापल्या गावी निघते. खोल्या आत्ताच राखून ठेवाव्यात.

पण शुक्रवारी रात्री फुलांनी मढवलेला 'एपिटाफिओस', म्हणजे ख्रिस्ताची प्रतीकात्मक तिरडी, गावातून मिरवत नेतात. मागून सगळे गाव हातात पिवळसर मेणबत्ती घेऊन संथपणे चालते आणि बाल्कन्यांतून फुले पडतात. शनिवारी मध्यरात्री चर्चमधले दिवे मालवतात, आतून एक ज्योत बाहेर येते आणि ती मेणबत्तीवरून मेणबत्तीवर जात अंगणभर पसरते. "क्रिस्तोस अनेस्ती", ख्रिस्त उठला, असे एकाने म्हणायचे आणि दुसऱ्याने "अलिथोस अनेस्ती", खरेच उठला, असे उत्तर द्यायचे. ती ज्योत न विझू देता घरी नेतात आणि तिच्या काजळीने दाराच्या चौकटीवर क्रूस काढतात. नाफ्प्लिओ या गावात मी एका आजीबाईंना वाऱ्यापासून ज्योत वाचवण्यासाठी तळहात आडवा धरून जिने चढताना पाहिले. त्यांच्या दारावर आधीच्या वर्षांचे काळे क्रूस एकावर एक उमटलेले होते.

खलाशी_काका :
आयुष्याची पस्तीस वर्षे बोटीवर काढली, त्यांतली बरीच ग्रीक मालकांच्या जहाजांवर, म्हणून पिरेअस बंदर मला भाऊच्या धक्क्याइतके परिचयाचे. बेटांबद्दल दोन शब्द लिहितो.

सँटोरिनी सुंदर आहे यात वाद नाही. साडेतीन हजार वर्षांहून अधिक काळापूर्वी ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट होऊन मधला भाग खचला, समुद्र आत शिरला आणि त्या कढईच्या काठावर आज गावे बसली आहेत. पण ती काठावर बसली असल्यामुळे सगळीकडे पायऱ्याच पायऱ्या आहेत. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना तिथे सूर्यास्त कमी आणि पायऱ्या जास्त आठवतात. शिवाय पिरेअसहून बोटीला पाच ते आठ तास लागतात, म्हणजे दहा दिवसांतले दोन समुद्रावर गेले. जुलै-ऑगस्टमध्ये 'मेल्तेमी' नावाचा उत्तरेचा वारा सुटतो आणि बोटी रद्द होतात. एप्रिलमध्ये तो त्रास नाही, पण समुद्राला पंचांग वाचता येत नाही.

एकच बेट करायचे तर एजिना करावे. पिरेअसपासून जेमतेम तास-सव्वा तासावर आहे. पिस्त्याची बाग काय असते ते तिथे पाहायला मिळते, आणि डोंगरावर अफाया देवीचे मंदिर आहे, त्याच्यापर्यंत गाडी जाते. पैलतीर यांना आवडेल अशी आणखी एक गोष्ट म्हणजे १८२८ मध्ये स्वतंत्र ग्रीसचे पहिले सरकार काही काळ याच बेटावर होते. मग राजधानी नाफ्प्लिओला गेली आणि १८३४ मध्ये अथेन्सला आली.

पिरेअसची एक आठवण सांगतो. १९८० च्या सुमारास धक्क्यामागच्या एका 'काफेनिओ'त, म्हणजे म्हाताऱ्या पुरुषांच्या कॉफीच्या दुकानात, आम्ही तिघे शिरलो. चार जण 'ताव्ली' खेळत होते, सोंगट्या लाकडावर आपटल्याचा खट्‌खट् आवाज येत होता. आम्ही भारतीय आहोत हे कळताच एका गोदी कामगाराने फासे हातात धरून ठेवले आणि म्हणाला, "नर्गिस!" मग त्याने एक चाल गुणगुणून दाखवली. शब्द ग्रीक होते, चाल आमच्या 'आवारा'मधली होती.

सावली :
काका, ती चाल बहुधा 'मांदुबाला'ची असावी. १९५९ मध्ये स्तेलिओस काझान्त्झिदिस यांनी गायलेले ते गाणे 'आवारा'तल्या 'आ जाओ तड़पते हैं अरमाँ'च्या चालीवर आहे, आणि नाव मधुबालेवरून घेतलेले. त्या काळात हिंदी चित्रपट ग्रीसच्या गरीब वस्त्यांत तुफान चालत असत आणि कितीतरी चाली तिथल्या लोकप्रिय गाण्यांत उतरल्या. त्या वस्त्यांना आपले चित्रपट इतके जवळचे का वाटले, याचे उत्तर मला १९२२ मध्ये सापडते.

प्रश्न होता की अलेक्झांडरनंतर काय झाले. आजचा ग्रीस घडवणारी घटना मला विचाराल तर मी १८२१ नव्हे, १९२२ सांगेन. पहिल्या महायुद्धानंतर ग्रीक सैन्य आशिया मायनरमध्ये, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात उतरले, अंकाराच्या दिशेने आत गेले आणि हरले. स्मिर्ना, म्हणजे आजचे इझमीर, जळाले. १९२३ च्या लोझान करारानुसार दोन्ही देशांनी लोकसंख्येची अदलाबदल केली : सुमारे १२ लाख ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती ग्रीसमध्ये आले आणि सुमारे ४ लाख मुसलमान तुर्कस्तानात गेले. निकष धर्माचा होता, भाषेचा नव्हता. त्यामुळे फक्त तुर्की बोलणारे ख्रिस्ती 'मायदेशी' आले आणि फक्त ग्रीक बोलणारे क्रीटचे मुसलमान 'मायदेशी' गेले, आणि दोघांनाही तिथली भाषा येत नव्हती. फाळणी ऐकत वाढलेल्या आपल्या पिढीला याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागू नये. तेव्हा ग्रीसची लोकसंख्या जेमतेम ५० लाखांच्या आसपास होती, म्हणजे साधारण प्रत्येक पाचांत एक निर्वासित.

अथेन्सच्या नकाशावर 'नेआ स्मिर्नी', 'नेआ इओनिया' अशी नावे दिसतात. 'नेआ' म्हणजे नवी. निर्वासितांनी हरवलेल्या गावांची नावे नव्या झोपड्यांना दिली. बुझुकी या तंतुवाद्याच्या साथीने गायले जाणारे 'रेबेतिको' गाणे याच वस्त्यांतून आणि पिरेअसच्या अड्ड्यांतून वर आले.

थेसालोनिकीला जाणे जमणार नाही असे दिसते, तरीही लिहून ठेवते. १४९२ मध्ये स्पेनमधून हाकलले गेलेले ज्यू तिथे स्थायिक झाले आणि चार शतके ते शहर मोठ्या प्रमाणावर त्यांचे होते. १९४३ मध्ये नाझींनी पन्नास हजारांच्या जवळपास ज्यू आगगाड्यांत भरून प्रामुख्याने ऑशविट्झला पाठवले. आजचे विद्यापीठ त्यांच्या उद्ध्वस्त केलेल्या दफनभूमीवर उभे आहे.

टीकाकार_तात्या :
एवढ्या गंभीर प्रतिसादानंतर माझी तक्रार क्षुल्लक वाटेल, पण धागाकर्तीच्या उपयोगाची आहे. आम्ही एका सहल कंपनीबरोबर गेलो होतो. अक्रोपोलिसवर आम्हाला चाळीस मिनिटे मिळाली, आणि जिथे ऑलिव्हचा साबण विकत मिळतो त्या दुकानात एक तास पन्नास मिनिटे. मार्गदर्शक झेंडी घेऊन पुढे पळत होता आणि आम्ही पार्थेनॉनकडे पाठ करून त्या झेंडीकडे पाहत होतो. साबण मात्र उत्तम निघाला, अजून एक वडी शिल्लक आहे.

काटकोन :
तात्या, म्हणूनच अक्रोपोलिसचे तिकीट स्वतः काढावे. आता ते ठरावीक वेळेचे असते, तेव्हा सकाळी उघडतानाची वेळ घ्यावी. उन्हाळ्यात उष्णतेची लाट आली की दुपारी काही तास प्रवेशच बंद ठेवतात. वरचा संगमरवर शतकानुशतकांच्या पायांनी गुळगुळीत झाला आहे, साध्या चपला घालून जाऊ नये. उत्तरेच्या कड्यावर चालण्यास त्रास असलेल्यांसाठी उद्‌वाहक आहे, आणि वर काँक्रीटची सपाट वाट केली आहे. त्या वाटेवरून ग्रीसमध्ये बराच वाद झाला. माझाही सौंदर्यदृष्टीने तिला विरोध होता. माझ्या आईला चाकांच्या खुर्चीवरून त्याच वाटेने नेले, त्यानंतर मी त्या विषयावर बोलणे सोडले.

रानजाई :
हे वाचून फार बरे वाटले. सासूबाईंना सर्व प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवते आहे. त्यांनी विचारले आहे की इंग्रजांनी नेलेली शिल्पे ग्रीसला परत मिळाली का.

काटकोन :
नाही. ब्रिटिश राजदूत लॉर्ड एल्गिनने १८०१ पासून पार्थेनॉनवरची शिल्पे उतरवून नेली आणि १८१६ मध्ये ब्रिटिश सरकारने ती विकत घेऊन संग्रहालयात ठेवली. २००९ मध्ये अथेन्समध्ये नवे अक्रोपोलिस संग्रहालय उघडले. त्याचा सर्वांत वरचा मजला पार्थेनॉनच्या दिशेशी जुळवून फिरवलेला आहे आणि त्यावर शिल्पपट्टिका मूळ क्रमाने लावली आहे. अथेन्समध्ये उरलेले दगड मधाच्या रंगाचे आहेत, आणि लंडनला असलेल्यांच्या जागी प्लॅस्टरच्या पांढऱ्याफेक प्रतिकृती आहेत. कोणी काही समजावून सांगायची गरज उरत नाही. अक्रोपोलिसवरच्याच एरेक्थिऑन मंदिराच्या सहा स्त्रीस्तंभांपैकी पाच मूळ मूर्ती खालच्या मजल्यावर उभ्या आहेत आणि सहावीची जागा मोकळी सोडली आहे, कारण ती लंडनमध्ये आहे.

टिंबटिंब :
उसनी का आणत नाहीत? २०२४ मध्ये लंडनच्या संग्रहालयातली वाघनखे साताऱ्यात आली, तीही तीन वर्षांच्या बोलीवरच.

पैलतीर :
तिथेच तर घोडे अडले आहे. उसने घेतले म्हणजे मालकी दुसऱ्याची आहे हे मान्य केल्यासारखे होते, आणि ग्रीसने ते मान्य करण्यास सातत्याने नकार दिला आहे. भुवया उंचावून, 'त्च' करून.

शिलालेख_वेडा :
सासूबाई संस्कृतच्या शिक्षिका आहेत, म्हणून जाण्यापूर्वी इथल्या इथे काही पाहण्यासारखे सुचवतो. 'यवन' हा शब्द 'आयोनियन'वरून, फारसी 'यौन'च्या वाटेने आला. कार्ल्याच्या चैत्यगृहात खांबांवर धेनुकाकटच्या यवनांनी दिलेल्या दानांचे लेख आहेत, आणि नाशिकच्या पांडवलेण्यांत १७ क्रमांकाचे लेणे उत्तरेकडच्या दात्तामित्रीहून आलेल्या इंद्राग्निदत्त नावाच्या योनकाने कोरवले आहे. दात्यांची नावे बहुतेक भारतीय आहेत, त्यामुळे ते अथेन्सहून आले असे कोणी समजू नये. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत पोसायडन या सागरदेवाची लहानशी काशाची मूर्ती सापडली. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याच्या सागरी मार्गदर्शिकेत कल्याण, सोपारा, चौल, पैठण आणि तेर यांची नावे आहेत. कल्याण बंदरात ग्रीक जहाज चुकून शिरले तर पहाऱ्यात भडोचला नेतात, अशी कुरकुरही त्यात आहे.

सासूबाईंना बहुधा ठाऊक असलेले उदाहरण विदिशेचे. इ.स.पू. दुसऱ्या शतकात तक्षशिलेहून राजदूत म्हणून आलेल्या हेलिओदोर या ग्रीकाने तिथे वासुदेवाचा गरुडध्वज उभारला आणि लेखात स्वतःला भागवत म्हणवले. त्यांना ठाऊक नसण्याची शक्यता असलेले उदाहरण याच्या उलट बाजूचे आहे. १७६० मध्ये अथेन्समध्ये जन्मलेले दिमित्रिओस गालानोस आधी कलकत्त्याच्या ग्रीक व्यापारी वसाहतीत शिक्षक म्हणून आले, मग काशीला गेले, पंडितांकडे संस्कृत शिकले आणि १८३३ मध्ये काशीतच वारले. त्यांनी गीतेचा ग्रीक अनुवाद केला, तो पुढे अथेन्समध्ये छापला गेला.

टिंबटिंब :
आणि आमच्या शेजारचे ज्योतिषी रोज 'होरा' आणि 'केंद्र' हे शब्द वापरतात, तेही ग्रीकच आहेत असे त्यांना सांगितले तर दक्षिणा कमी करतील का?

शिलालेख_वेडा :
दक्षिणेचे माहीत नाही, पण दोन्ही शब्द खरोखर ग्रीक आहेत, 'होरा' आणि 'केन्त्रोन'. 'सुरुंग'ही 'सिरिंक्स'वरून आलेला मानतात, आणि 'दाम' 'द्राख्मे'वरून. म्हणजे दाम मोजताना आपण सर्वच यवन.

पैलतीर :
आजच्या माणसांबद्दल कोणीच लिहिले नाही म्हणून एक प्रसंग लिहितो. २०१५ च्या जूनअखेरीस कर्जसंकटामुळे बँका बंद झाल्या आणि यंत्रातून दिवसाला ६० युरोंहून अधिक काढता येईनात. आमच्या गल्लीतल्या यंत्रापुढे सकाळपासून रांग असे. माझ्यापुढे एक निवृत्त गृहस्थ 'कोम्बोलोई', म्हणजे हातातली मण्यांची माळ, फिरवत उभे होते. ती जपाची माळ नव्हे, निव्वळ बोटांना विरंगुळा. त्यांनी पैसे काढले, मी परका दिसतो आहे हे पाहिले आणि आग्रहाने कोपऱ्यावर नेऊन कॉफी पाजली. त्यांच्या साठातले दोन माझ्यावर गेले. मी पैसे पुढे करताच त्यांनी भुवया उंचावल्या. ग्रीकमध्ये 'क्सेनोस' या एकाच शब्दाचा अर्थ परका असाही होतो आणि पाहुणा असाही. त्या सकाळी मी दोन्ही होतो. कॉफीचा गाळ ढवळू नये आणि शेवटचा घोट पिऊ नये, हे त्यांनीच शिकवले.

मधुमालती :
योजनेकडे वळते. मेतेओरा अजिबात सोडू नये. उभ्या सुळक्यांवर मठ आहेत, सहा अजून वसते आहेत. पूर्वी माणसांना जाळीत बसवून दोराने वर ओढत असत. बहुतेक मठांना दीडशे ते तीनशे पायऱ्या आहेत, पण आयिओस स्तेफानोस या जोगिणींच्या मठात रस्त्यावरून एका छोट्या पुलाने सरळ आत जाता येते. स्त्रियांनी घागरा किंवा साडी नेसावी, विजारीवर चालत नाही. सासूबाई नऊवारी नेसत असतील तर प्रश्नच नाही.

रानजाई :
सर्वांची आभारी आहे. सासूबाई पाचवारीच नेसतात, आणि त्यांनी काल स्वतः कागदावर योजना लिहिली. ती अशी : पहिल्या संध्याकाळी मोनास्तिराकी, दुसऱ्या दिवशी एजिना, मग डेल्फीमार्गे मेतेओरा. गुरुवारी नाफ्प्लिओला पोहोचून ईस्टरपर्यंत तिथेच मुक्काम आणि मधल्या वेळात एपिदौरोसचे नाट्यगृह. ४ मे रोजी सकाळी उद्‌वाहकाने अक्रोपोलिस, दुपारी संग्रहालय, रात्री विमान. सँटोरिनीवर त्यांनी काट मारली आहे. माझे यजमान निळ्या घुमटांसाठी दोन दिवस हळहळले, आता ते पिस्त्यांबद्दल बोलू लागले आहेत.

काटकोन यांच्यासाठी निरोप आहे की सारथ्याच्या पापण्या त्या पाहणार आहेत आणि चुकीचे लिहिले असेल तर कळवणार आहेत. ग्रीक अक्षरे त्यांनी शिकायला घेतली आहेत. गणितामुळे निम्मी आधीच येत होती, असे म्हणतात. त्यांचा एकच प्रश्न उरला आहे : ईस्टरच्या सुट्टीत गुडघ्याचे मलम संपले तर औषधांचे दुकान उघडे मिळेल का?

मधुमालती :
हिरव्या क्रूसाची पाटी शोधावी, वर 'फार्माकिओ' लिहिलेले असते. बंद असले तरी दारावर कागद चिकटवलेला असतो, त्यावर त्या दिवशी पाळीने उघडे राहणाऱ्या दुकानांचा पत्ता असतो. कागद फक्त ग्रीकमध्ये असण्याची शक्यता आहे, तेव्हा तो सासूबाईंनाच वाचू द्यावा.